काटोलचा दगड आणि हिऱ्यांचा चिमटा

२२ मे २०१२. भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर मोठा आवाज झाला आणि आसपासच्या भागात उल्केचे तुकडे पडले. संत्र्याच्या पट्ट्यात सापडलेल्या या दगडांतल्या बारीक शिरांमध्ये ब्रिजमनाइट नावाचं खनिज निघालं. खरगपूर आयआयटीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये ते जाहीर केलं.

गंमत म्हणजे पृथ्वीत सर्वांत जास्त असलेलं खनिज हेच. पण ते ६६० किलोमीटरच्या खाली. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक, रशियातलं कोला, १२ किलोमीटरच्या जरा पुढे जाऊन थांबलं. शिवाय वर येताना दाब सुटला की हे खनिज सहसा टिकत नाही. मग ते ओळखलं कसं? प्रयोगशाळेत १९७० च्या दशकातच बनवलं होतं म्हणून.

एवढा दाब प्रयोगशाळेत आणायचा कसा? दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो तो टोक बारीक असल्यामुळे. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेलं हिऱ्यांचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. दोन हिरे टोकाला टोक लावून धरायचे. मध्ये धातूची पातळ चकती, तिला बारीक भोक, त्यात खनिजाचा कण. मग स्क्रू पिळायचे, बस्स. तळहातावर मावणारं हे यंत्र पृथ्वीच्या केंद्रातला दाब, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट, गाठू शकतं. हिरा कठीण म्हणून वापरतात हे खरं. पण माझ्या मते त्याची खरी कमाल पारदर्शकपणात आहे. त्यातून लेसर सोडून कण हजारो अंशांपर्यंत तापवता येतो आणि क्ष-किरणांनी अणूंची रचना दाबाखालीच वाचता येते. हिरे कधीकधी फुटतात, तो खर्च वेगळा.

२००४ मध्ये जपानी संशोधकांनी हेच खनिज आणखी दाबलं. बारा लाख पटींच्या आसपास त्याची रचनाच बदलली. सुमारे २,७०० किलोमीटर खोलीवर भूकंपलहरी एकाएकी वेगळ्या का वागतात, हे कोडं त्यामुळे बरंचसं सुटलं.

काटोलच्या दगडावर हाच प्रयोग अंतराळात झाला. जबर टक्कर, क्षणभर सव्वादोन ते अडीच लाख पट दाब, खडक वितळला आणि लगेच थिजला. ब्रिजमनाइटला मोडायला वेळच मिळाला नाही. त्याची रासायनिक घडण प्रयोगशाळेतल्या नमुन्यांशी चांगली जुळते.

मंगळाचं गणित वेगळं. तो लहान, त्यामुळे त्याच्या प्रावरणाच्या (कवच आणि गाभा यांमधल्या खडकाच्या थराच्या) तळाशीही दाब दोन लाख पटींच्या आसपासच. ब्रिजमनाइटला तेवढा पुरत नाही. पृथ्वीसारखा त्याचा जाड थर तिथे बहुधा नाहीच.