आठ भिंतींचा हिशेब

न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात किंवा विस्कॉन्सिनमध्ये एखादं जुनं अष्टकोनी घर दिसलं, की बहुतेक वेळा त्याचा माग ऑर्सन स्क्वायर फाउलरपर्यंत जातो. हा गृहस्थ ना वास्तुविशारद, ना गवंडी. डोक्यावरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगणं हा त्याचा धंदा! १८४८ मध्ये त्याने 'अ होम फॉर ऑल' हे पुस्तक काढलं आणि घर आठ बाजूंचंच बांधा, असा धोशा लावला.

त्याचा हिशेब मात्र पक्का होता. एकूण ८० फूट लांबीच्या भिंतींत चौकोनी घर बांधलं, तर आत ४०० चौरस फूट जागा मिळते. तेवढ्याच भिंती आठ बाजूंत वाटल्या, तर सुमारे ४८३. विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन गावी चुना-खडीच्या ओतीव भिंतींची प्रवाशांच्या मुक्कामाची षट्कोनी सराई उभी होती. ती पाहून त्याने १८५३ च्या आवृत्तीत या स्वस्त भिंतींचाही पुरस्कार केला. पुढच्याच वर्षी वॉटरटाऊनला जॉन रिचर्ड्सचं अष्टकोनी घर उभं राहिलं, पण विटांचं. ते आजही आहे, आता संग्रहालय म्हणून.

फाउलरचं स्वतःचं, न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिलचं घर सुमारे ६० खोल्यांचं. १८५७ च्या मंदीत ते भाड्याने द्यावं लागलं, मग हातोहात फिरत राहिलं, आणि १८९७ मध्ये मोडकळीला आलेली ती वास्तू सुरुंग लावून पाडली.

खरी गोची आत होती. मधे चौकोनी खोल्या काढल्या की कडेला त्रिकोणी कोपरे उरतात. तिथे ना पलंग नीट लागतो, ना कपाट. बाहेर वाचवलेली जागा आत अशी वाया जायची.

आत खोल्याच पाडायच्या नसतील, तर हा प्रश्नच येत नाही. पेन्सिल्व्हेनियात फाउलरच्या कितीतरी आधीपासून एकखोली अष्टकोनी शाळा होत्या. चेस्टर काउंटीतली डायमंड रॉक शाळा १८१८ ची. पुढे १८७४ मध्ये बफेलोजवळच्या इलियट स्टुअर्ट या शेतकऱ्याचे गोठे-कोठारं आगीत गेली, तेव्हा त्याने त्या सगळ्यांच्या जागी एकच मोठं अष्टकोनी कोठार उभारलं. शेतीविषयक नियतकालिकांतून त्याची माहिती पसरली आणि मध्य-पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी तो आकार उचलला. गुरांना कपाट कुठे ठेवायचं असतं?