काळा बर्फ, पांढरा बर्फ आणि खालून वाहणारी नदी

जानेवारी लागला की ठाण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या चादर ट्रेकचे फोटो फिरू लागतात. आपली थंडीची कल्पना येऊरच्या पहाटेपर्यंतची, त्यामुळे फोटो पाहून बहुतेकांचा अंदाज सारखाच असतो: पांढरं दिसतंय तिथे बर्फ जाड, काळपट दिसतंय तिथे पातळ. गोठलेल्या नदीवरून रोज ये-जा करणाऱ्यांचा भरवसा मात्र ऐन हिवाळ्यात काळ्यावर जास्त असतो.

काळा बर्फ मुळात काळा नसतोच, तो पारदर्शक असतो. वर एकदा पापुद्रा धरला की त्याच्या खालच्या बाजूला पाणी गोठत जातं. ही वाढ सावकाश होते, पाण्यात विरघळलेली हवा खाली ढकलली जाते आणि उभे स्फटिक एकमेकांना घट्ट चिकटतात. प्रकाश आरपार जातो, म्हणून आपल्याला खालच्या पाण्याचा काळेपणा दिसतो.

पांढरा बर्फ वरून तयार होतो. बर्फाचा जेमतेम आठ-नऊ टक्के भाग पाण्यावर असतो. म्हणजे तीस सेंटीमीटरचा थर फक्त अडीच सेंटीमीटर वर तरंगतो. त्यावर दहा-बारा सेंटीमीटर दाबून बसलेलं हिम साचलं, तरी वजनाने थर दबतो, फटींतून पाणी वर येतं, हिम भिजतं आणि ते सगळं मिळून गोठतं. हिमातली हवा बुडबुड्यांच्या रूपात आत अडकते. दिवाळे कोळीवाड्यात मासळीसाठी येणारी बर्फाची लादी नीट पाहिलीत तर कडा आरपार असतात आणि गाभा पांढरा. लादी बाहेरून आत गोठते, हवा मध्यभागी कोंडली जाते. दोन्हीकडे पांढरा रंग हवेचाच, फक्त नदीवर ती हवा वरून आलेली असते.

आता वजनाचं. साधारण नियम असा की पांढऱ्या बर्फाची जाडी हिशेबात निम्मीच धरायची. पायी चालायला दहा सेंटीमीटर चांगला पारदर्शक बर्फ लागत असेल, तर पांढरा वीस हवा. दोन्ही थर असतील तर हिशेब अजून बोचरा होतो, कारण भार पेलण्याची क्षमता जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कॅनडाचे बर्फसंशोधक लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये मांडलेलं सूत्र हेच सांगतं. बारा सेंटीमीटर पारदर्शक बर्फ आणि ‘सहा काळा, सहा पांढरा’ अशी बारा सेंटीमीटरची जोडी पट्टीवर सारखीच. पण दुसरीची कामाची जाडी नऊच, आणि तिची क्षमता पहिलीच्या जेमतेम ५६ टक्के! हेही स्थिर पाण्यावरचे आकडे आहेत. नदीत प्रवाह खालून बर्फ झिजवतो, त्यामुळे तिथे आणखी हात राखून चालावं लागतं.

शिवाय हिम दुहेरी नुकसान करतं. ते थंडी अडवतं, म्हणून खालचा काळा थर हळू वाढतो. आणि स्वतः भिजून वरचा पांढरा थर वाढवतं. नदी गोठल्या गोठल्या जोरदार हिमवर्षाव झाला, तर वरून सगळं छान पांढरंशुभ्र दिसतं आणि आत मामला कच्चा असतो.

उपग्रहाच्या साध्या छायाचित्रात यातलं काही दिसत नाही. नदी झाकली गेली एवढंच कळतं. त्यामुळे तिथल्या लोकांच्या नोंदींना मोल आहे. अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्समधून चालणाऱ्या ‘फ्रेश आइज ऑन आइस’ उपक्रमात गावकरी आणि शाळकरी मुलं बर्फाला भोक पाडून जाडी मोजतात, वरच्या हिमाची खोली टिपतात, फोटो पाठवतात. तिकडे कित्येक गावांना रस्ता नाही, हिवाळ्यात नदी हाच रस्ता. भोकातलं पाणी बर्फाच्या पातळीपर्यंत किंवा वर येतंय का, हे मला या सगळ्यात सर्वांत हुशार निरीक्षण वाटतं. पाणी वर आलं, की पांढऱ्या बर्फाची पुढची खेप ठरलेली.

अलास्कातल्याच नेनाना गावात तनाना नदीवरचा बर्फ फुटण्याची वेळ १९१७ पासून नोंदली जाते, लोक त्यावर पैजाही लावतात. २०१९ मध्ये तो १४ एप्रिललाच फुटला, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. हवामान बदलाच्या अभ्यासाला अशी लांबलचक नोंद सोन्यासारखी. मात्र डिसेंबरात पायाखाली कुठला थर किती होता, हे तारखेवरून कळत नाही.

आणि काळ्याची बाजू घेतली तरी ती वसंतापर्यंतच. ऊन वाढलं की उभ्या स्फटिकांमधले सांधे वितळतात, थर जाड राहूनही आतून सुटा होतो आणि पाणी मुरून पुन्हा काळपट दिसतो. तेव्हा भरपूर जाडीचा काळा बर्फही पायाखाली कांड्या-कांड्यांनी निसटू शकतो.