डिजिटल अटक

तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याचे भासवून, व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास किंवा काही दिवस नजरेखाली ठेवून त्याच्याकडून पैसे उकळण्याचा सायबर गुन्हा. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे अटक प्रत्यक्ष ताब्यात घेऊनच होते. कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीसही व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले.

उगमाविषयी एकमत नाही. २०२३ च्या सुमारास भारतात बोकाळलेल्या ‘पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ या कुरिअर-फसवणुकीतून हा प्रकार निघाला, असे काहींचे मत आहे. पोलीस, सरकारी वकील व न्यायालय यांची नावे वापरून चीन व तैवानमध्ये त्याआधीपासून चालत आलेल्या दूरध्वनी-फसवणुकीशी इतर अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ‘पडताळणीसाठी रक्कम सुरक्षित खात्यात ठेवा’ ही कळीची मागणी दोन्हीकडे तीच आहे. कंबोडिया, म्यानमार व लाओसमधील फसवणूक-केंद्रांतून भारतात असे कॉल आल्याचे तपासात आढळले आहे. मुंबई पोलीस, सीबीआय व ईडी यांच्या नावांचा वापर ही मात्र भारतीय भर होय.

गुन्हेगाराचा खरा आधार एकांत असतो. खोली बंद, कॅमेरा चालू, घरच्यांना सांगितल्यास त्यांनाही अटक, अशी धमकी असते. सोबत खोट्या शिक्क्यांची पत्रे येतात. २०२४ मध्ये लुधियानातील एका उद्योगपतींपुढे सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी उभी करून ७ कोटी रुपये काढून घेण्यात आले. मुदतठेवी मोडायला लावून रक्कम बहुधा आरटीजीएसने (मोठ्या रकमा बँकेतून बँकेत तत्काळ पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवली जाते, कारण यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख आहे, तर आरटीजीएस २ लाखांपासून पुढे कितीही रकमेचे होते. शाखेत विचारलेच तर ‘जागा घेतोय’ असे सांगण्याचेही पढवलेले असते. म्हणून काउंटरवरील कर्मचाऱ्याने मुदतठेव मोडणाऱ्या ज्येष्ठाला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारणे फार मोलाचे ठरते.

ग्राहकाची सर्वांत मोठी अडचण भरपाईची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा काहीच भार येत नाही; ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास सामान्य बचत खात्यासाठी भाराची कमाल मर्यादा १० हजार रुपये; त्यानंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो. डिजिटल अटकेत मात्र ग्राहक स्वतः अर्ज भरून सही करतो. व्यवहार ‘अधिकृत’ ठरतो आणि हे संरक्षण गळून पडते. धाकाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे, हा युक्तिवाद अधिक न्याय्य आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, ग्राहकाने फसून स्वतःच पाठवलेल्या रकमेचीही ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई बंधनकारक आहे.

भारतात त्यामुळे पैसे वाचवण्याची भिस्त वेगावर आहे. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर खाते क्रमांक, रक्कम, वेळ व यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) दिला की संबंधित बँकेला निरोप जातो आणि खात्यात उरलेली रक्कम रोखली जाते. काही तासांतच पैसा भाड्याच्या (इतरांनी मोबदला घेऊन वापरायला दिलेल्या) खात्यांतून फुटत जातो; मग प्रत्येक पुढच्या बँकेचा माग काढावा लागतो. चॅट व बनावट पत्रे पुसू नयेत. रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. या साखळीतील पैसा नकळत स्वीकारलेल्या दुकानदाराचे खातेही गोठवले जाऊ शकते. त्याने विक्रीची बिले घेऊन तपास अधिकाऱ्याकडे, आणि तिथे दाद न लागल्यास न्यायालयाकडे अर्ज करावा.