सुट्टीत लिहायला छोटा लॅपटॉप घेताय? आधी ‘डॉक्टर’ टाइप करून बघा

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी न्यायला ‘छोटा, हलका आणि खिशाला परवडणारा’ लॅपटॉप मागणारी बरीच मंडळी आमच्या ठाण्याच्या दुकानात येतात. कुणाला दिवाळी अंकाचा लेख पुरा करायचा असतो, कुणाला आठवणी लिहून काढायच्या असतात. काम मराठी लिखाणाचं, पण चौकशी होते प्रोसेसरची. लिहिणाऱ्याने आधी कीबोर्ड बघावा, असं आमचं मत आहे.

स्क्रीन ११.६ इंचांची झाली की कीबोर्डला जागा कमी पडते. मग बऱ्याच मॉडेलांत मधली अक्षरं नीट ठेवून उजव्या कडेची बटणं बारीक केलेली असतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याचं त्याने फारसं अडत नाही, कारण तिथे कंस आणि विरामचिन्हं असतात. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत मात्र त्याच कडेला आपली रोजची अक्षरं आहेत. अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या शेजारी ट, उघडत्या चौकटी कंसावर ड आणि उलट्या तिरक्या रेघेवर ॉ. आता ‘डॉक्टर’ लिहून बघा. ड, ॉ, ट, तिन्ही उजव्या करंगळीच्या वाट्याला. बटण अरुंद असलं तर ट मारताना बोट शेजारच्या एंटरवर पडतं आणि ‘डॉक्’ वर राहून ‘र’ खालच्या ओळीत जातो. पानभर लिहिताना हे चार वेळा झालं की माणूस वही-पेनाकडे वळतो.

म्हणून आमच्या दुकानात लॅपटॉप उभ्याउभ्या बघू नका. खुर्ची देतो, मशीन मांडीवर घ्या आणि डॉक्टर, चटणी, वाडा असे शब्द भरभर टाइप करा. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे मराठी लिहायची पद्धत) वापरणाऱ्यांना ही कडेची अडचण कमी. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहेच, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. ब्राउझरमध्ये नेटवर चालणाऱ्या साधनांची सवय असेल तर इथेच वाय-फाय बंद करून बघा, कारण गावी रेंज जाते तेव्हा ती साधनंही जातात.

आमचा सल्ला १२.५ ते १३.३ इंचांचा. पिशवीत मावतो, बटणंही पुरेशी रुंद मिळतात. टॅबलेटला ब्लूटूथ कीबोर्ड जोडून टेबलावर छान लिहिता येतं, पण गाडीच्या बर्थवर मांडीवर ठेवून लिहायला तो कामाचा नाही.

बजेट वीस हजारांच्या आसपास असेल तर दोन रस्ते. एक, नवाकोरा साधा लॅपटॉप: सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त, संथ) स्टोरेज. विंडोजचे मोठे अपडेट आले की या ६४ जीबीत जागा उरत नाही, आणि रॅम बहुधा बोर्डावरच जोडलेली असल्याने नंतर वाढवता येत नाही. दुसरा रस्ता, ऑफिसांतून निघालेली, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेली रिफर्बिश्ड मशीन: डेल लॅटिट्यूड ७२९०, लेनोवो थिंकपॅड एक्स२८०, एचपी एलिटबुक ८३० जी५ या जातीची. आम्ही दुसरा सुचवतो. रिफर्बिश्ड माल आम्हीच विकतो, तेव्हा हे मत आमच्या सोयीचं आहे हे खरं. कारणं मात्र तुम्हीच पडताळून पाहा. ८ जीबी रॅम, एसएसडी (वेगवान स्टोरेज) आणि दिवसभर टाइप करण्यासाठी बनवलेला कीबोर्ड नव्या मशीनमध्ये या पैशांत मिळणं कठीण आहे.

घेताना प्रोसेसरचा आकडा वाचा. आठव्या पिढीचा आय५-८२५०यू विंडोज ११ ला चालतो, सातव्या पिढीचा आय५-७२००यू मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ‘सातव्या पिढीचा, एकदम स्वस्त’ या बोलीला भुलू नका.

रिफर्बिश्डमध्ये खरी गोम बॅटरीची. बिल करण्याआधी बॅटरी रिपोर्ट काढून मागा. विंडोजमध्येच निघतो, मिनिटभराचं काम. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ४२ हजार आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची क्षमता) २१ हजार दिसली तर बॅटरीचं आयुष्य निम्मं संपलं असं समजा. मग बॅटरी बदलून घ्या, नाहीतर भाव कमी करून घ्या.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. ॲडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असेल तर डब्यातल्या ११० व्होल्टच्या सॉकेटवरही तो चालतो. मात्र रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेट बंद असू शकतात, त्यामुळे चार्जिंग संध्याकाळीच उरका. वर सांगितलेली तिन्ही मशीन यूएसबी-सी वरून चार्ज होतात. पॉवर बँक घ्यायची तर पॉवर डिलिव्हरीवाली (लॅपटॉपला पुरेल इतकी वीज यूएसबी-सी वरून देणारी), निदान ४५ वॉटची घ्या. मोबाइलची साधी पॉवर बँक इथे उपयोगाची नाही. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी लागते. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते.

जुनं लिखाण श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर येताना पेनड्राइव्हवर आणा. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित लिपीसंकेतात बदलून नव्या मशीनवर घालून देतो. रफार आणि जोडाक्षरं या बदलात कधीकधी विस्कटतात, म्हणून मूळ फाइल पुसू नका आणि निघण्याच्या आदल्या दिवशी येऊ नका. तपासायला तुम्हालाही वेळ लागेल.