कोंबडीच्या आतड्यात अँटिबायोटिकची जागा कोण घेणार?

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा बॅक्टेरिया धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही असतो आणि एरवी गपचूप पडून असतो. पण परिस्थिती जुळून आली की हाच नेक्रोटिक एन्टेरायटिस नावाचा आजार करतो, त्यात लहान आतड्याचं अस्तर मरून सुटायला लागतं आणि कालपर्यंत नीट खाणारी दोन ते सहा आठवड्यांची ब्रॉयलर पिल्लं पटापट मरायला लागतात. मेलेली पिल्लं निदान दिसतात तरी. खरा तोटा होतो तो सौम्य आजारात, पक्षी मरत नाही, फीड खातो, पण वजनच घेत नाही.

आता परिस्थिती जुळते म्हणजे काय, तर बहुतेक वेळा आधी कॉक्सिडिया येतात. हे आयमेरिया जातीचे एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशींत घुसून वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात, त्या जखमांतून रक्तातली प्रोटीन्स आतड्यात झिरपतात. परफ्रिंजेन्सला बरीचशी अमिनो आम्लं स्वतः बनवताच येत नाहीत, त्यामुळे हे झिरपलेलं प्रोटीन त्याच्यासाठी आयतं ताटच. फीडमध्ये गहू, बार्ली जास्त असले तर त्यातल्या न पचणाऱ्या तंतूंमुळे आतड्यातला माल चिकट होतो आणि हळू सरकतो, फिशमील (माशांची पूड) जास्त असलं तर न पचलेलं प्रोटीन पुढे जातं, म्हणजे पुन्हा त्याचीच सोय. शेवटचा घाव विषाचा. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेटबी हे विष शोधलं, ते पेशींच्या पडद्याला भोकं पाडतं, आणि ज्या जिवाणूतून नेटबीचं जीन काढून टाकलं त्याला आजार घडवता आला नाही.

फीडमध्ये थोडं थोडं अँटिबायोटिक टाकलं की पिल्लं वेगाने वाढतात हे 1940 च्या दशकाच्या शेवटी कळलं आणि मग ते सर्रास सुरू झालं, त्यात क्लॉस्ट्रिडियमही आपोआप दबून राहिला. पण रोजच्या छोट्या डोसमुळे औषधाला दाद न देणारे बॅक्टेरिया तयार होतात, म्हणून स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठी अँटिबायोटिक देणं बंद केलं, युरोपियन युनियनने 1 जानेवारी 2006 पासून उरलेलीही बंद केली. आणि दबलेला आजार परत डोकं वर काढायला लागला.

मग पर्याय म्हणून काय काय आलं! ओव्यात असतो तो थायमॉल, ओरेगॅनोमधला कार्व्हाक्रॉल, दालचिनीतला सिनामाल्डिहाइड, लसूण, हळद, टॅनिन (झाडांच्या सालीतला तुरट पदार्थ), सगळंच. लॅबमधल्या काचेच्या बशीत थायमॉल परफ्रिंजेन्सला खरंच मारतो, बॅक्टेरियाचा पडदाच फाडतो, पण तेवढ्यावर जाहिरात करणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही, कारण ही तेलं आतड्याच्या वरच्या भागातच शोषली जातात आणि जिथे गरज आहे तिथे फारसं काही उरत नाही. म्हणून त्यांना चरबीचं कोटिंग देतात, जे पुढे जाऊन हळूहळू विरघळतं. आणि नैसर्गिक आहे म्हणून कितीही चालतं असं अजिबात नाही, तेल जास्त झालं तर वासाने पक्षी फीड कमी खातो, टॅनिन जास्त झालं तर ते प्रोटीनला चिकटून पचनच बिघडवतं.

ब्युटिरेटचं काम मात्र मला जास्त पटतं, कारण ते मारामारीपेक्षा दुरुस्ती करतं. हे छोटं फॅटी आम्ल आतड्याच्या अस्तरातल्या पेशी इंधन म्हणून वापरतात आणि पेशींमधले सांधे घट्ट व्हायला त्याची मदत होते, म्हणजे गळती कमी. तेही कोटिंग करूनच द्यावं लागतं, नाहीतर वरच संपतं.

यीस्टच्या पेशीभित्तीतलं मॅनन, म्हणजे मॅनोज साखरेची साखळी, हेही खूप विकलं जातं. ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या केसांसारख्या धाग्यांना मॅनोज साखर धरायची सवय असते, ते आतड्याऐवजी या मॅननलाच चिकटून विष्ठेतून निघून जातात. पण परफ्रिंजेन्सला तसले धागे नसतात, त्यामुळे ही युक्ती थेट त्याच्यावर चालत नाही.

प्रोबायोटिक्सची, म्हणजे मुद्दाम दिलेल्या चांगल्या बॅक्टेरियांची गोष्ट सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात भारी. इन्क्युबेटरमधून निघालेलं पिल्लू आईला कधी भेटतच नाही, त्यामुळे मोठ्या कोंबडीकडून मिळायचे ते आतड्यातले बॅक्टेरिया त्याला मिळत नाहीत आणि रिकामी जागा जो पहिला येईल त्याची. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल पिल्लांना पाजला तर साल्मोनेलाला घर करणं अवघड गेलं. आज त्याजागी निवडक बॅक्टेरिया देतात, त्यात बॅसिलसचा भाव जास्त, कारण त्याचे बीजाणू फीडचे पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) बनवतानाची उष्णता सहन करतात, लॅक्टोबॅसिलस बिचारा तिथेच मरतो.

पण यातलं एकही एकटं अँटिबायोटिकसारखं काम करत नाही, आणि करेल अशी अपेक्षाच चुकीची आहे असं मला वाटतं. चिकटपणा कमी करायला झायलनेज एन्झाइम, कॉक्सिडिया आवरायला लस, लिटर, म्हणजे शेडमध्ये जमिनीवर पसरलेला भुसा, कोरडं ठेवणं (ओल्या लिटरमध्ये कॉक्सिडियाची अंडी लवकर पिकतात), हे सगळं धरलं तरच फीडमध्ये मिसळायच्या वरच्या पदार्थांना, म्हणजे अ‍ॅडिटिव्हना, काही अर्थ. युरोपात कॉक्सिडियासाठी आयोनोफोर नावाची औषधं अजून चालतात आणि ती क्लॉस्ट्रिडियमलाही दाबतात, अमेरिकेत मात्र ती अँटिबायोटिकमध्येच मोजतात, त्यामुळे अँटिबायोटिक कधीच न दिल्याचं लेबल हवं असेल तर तीही बंद, आणि तिथे हा आजार आवरणं जास्त कठीण जातं.

एका फार्मवर फरक दिसतो आणि दुसऱ्यावर काहीच नाही, असं का, हेही यातच आलं. अँटिबायोटिकचंही तसंच होतं, जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना ते दिलं तर वाढीत फायदा दिसायचा नाही, घाणेरड्या शेडमध्ये मात्र दणकून दिसायचा. त्यामुळे एखाद्या अ‍ॅडिटिव्हची ट्रायल वाचताना पक्ष्यांना आजार मुद्दाम दिला होता का, लिटर जुनं होतं का, फीडमध्ये गहू किती होता, हे आधी बघा, वजनाचा आकडा नंतर.