बाल्कनीत जनरेटर ठेवला तर चालतो? अजिबात नाही
ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्यात लाइट जायला लागली की हे हमखास ऐकू येतं, छोटा पेट्रोलचा जनरेटर बाल्कनीत ठेवा, स्लायडिंग उघडी ठेवा, धूर बाहेर जातो, टेन्शन नाही. हे साफ चुकीचं आहे आणि जिवावर बेतणारं आहे. खरा धोका धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या गॅसचा, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपेत असलात तर कळतही नाही. वारा आत वळला की तीच उघडी खिडकी गॅस घरात आणते, वरच्या मजल्यावरच्यांच्याही. जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावरच हवा, फ्लॅटमध्ये एवढी जागा आणणार कुठून? प्लीज, फ्लॅटला इन्व्हर्टर-बॅटरीच घ्या.

बंगला असेल, अंगण असेल तर जनरेटर जरूर घ्या, पण चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी मेन लाइन किंवा जनरेटर, एकालाच जोडणारा स्विच) बसवूनच, नाहीतर करंट उलटा लाइनीत जातो आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. आणि हो, महिन्यातून एकदा लोड देऊन, म्हणजे घरातली उपकरणं जोडून, चालवा, पेट्रोल महिनोनमहिने टाकीत ठेवू नका, कार्ब्युरेटर चोक होतो.