बेबी कालव्याची कोथिंबीर: सांडपाण्यावरची भाजी सुरक्षित कशी होईल?

खडकवासल्याचं पाणी पुण्यात घरोघरी वापरून झालं की मुळा-मुठेकडे निघतं. त्यातलं काही मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतून जातं, काही ओढ्यानाल्यांनी थेट नदीत उतरतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) ते उचलून साडेसतरा नळीजवळ जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात, सोडलं जातं आणि हवेली-दौंडच्या शेतीला मिळतं. महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यात ठरलेला आकडा वर्षाला 6.5 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. शिवाय नदीकाठी थेट मोटारी बसवून उपसा होतो तो वेगळा. या पाण्यावर ऊस आहे, चाऱ्याचा मका आहे, फुलं आहेत आणि मेथी, पालक, शेपू, कोथिंबीरही आहे. ही भाजी मांजरीच्या उपबाजारात आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येते, तिथून पुण्याच्या स्वयंपाकघरात.

असल्या पाण्यावरची भाजी बंदच करा, असं म्हणणं सोपं आहे. पण दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. तिथल्या शेतकऱ्याला बारमाही मिळणारं पाणी हेच आहे, आणि शहर जितकं वाढेल तितकं ते वाढणार आहे. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो की नदीपासून तोंडापर्यंतच्या वाटेवर रोगजंतू कुठे कुठे अडवता येतात.

आधी या पाण्यातलं चांगलं काय ते पाहू. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण 30 मिलिग्रॅम नत्र सहज असतं. कोथिंबिरीच्या एका पिकाला एकूण 200 मिलिमीटर पाणी दिलं, तर एकरी सुमारे 8 लाख लिटर होतं. म्हणजे 24 किलो नत्र पाण्यातूनच पडलं. युरियात 46 टक्के नत्र असतं, त्या हिशोबाने हे 52 किलो युरियाइतकं झालं, 45 किलोच्या एका गोणीहून जास्त. एवढ्यावर पुन्हा सवयीने युरिया फेकला की पान हिरवंगार, लुसलुशीत होतं खरं, पण मावा वाढतो, जुडी लवकर सडते आणि पानात नायट्रेट साठतं. उरलेलं नायट्रेट झिरपून विहिरीत जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेलं पाणी वरच्या दुधात गेलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. म्हणून कालव्याच्या पाण्यातलं अमोनिया आणि नायट्रेट स्वरूपातलं नत्र तपासून घ्यावं आणि तेवढं खतातून वजा करावं. पैसेही वाचतात.

आता रोगजंतू. इथे टक्केवारी फसवते. कच्च्या मैलापाण्यात दर 100 मिलिलिटरला सुमारे 1 कोटी ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू असू शकतात. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत त्यातले 90 ते 99 टक्के जातात. 99 टक्के ऐकायला छान वाटतं, पण उरतात 1 लाख. प्रक्रिया केलेल्या मैलापाण्यासाठी केंद्र सरकारने 2017 साली ठरवलेली मर्यादा 1,000 च्या आत आहे. तिथे पोचायला 99.99 टक्के लागतात, म्हणजे शेवटी क्लोरीन किंवा तत्सम निर्जंतुकीकरण नीट झालं पाहिजे. ते फसतं दोन कारणांनी. पाण्यातला अमोनिया क्लोरीन अडकवून ठेवतो, आणि गढूळपणा जिवाणूंना आडोसा देतो. जंतांच्या अंड्यांवर तर क्लोरीनचा जवळजवळ परिणामच होत नाही. आणि प्रक्रिया न होता नाल्यातून आलेलं पाणी नदीत मिसळलं, की केंद्रात केलेल्या कामावर पाणी पडतं. जायका (जपानी अर्थसाहाय्याच्या) प्रकल्पातली 11 नवी केंद्रं (एकूण क्षमता दिवसाला 39.6 कोटी लिटर) म्हणूनच महत्त्वाची, पण सगळी मदार त्यांच्यावर ठेवता येत नाही.

जिवाणूंच्या संख्येइतकाच त्यांचा स्वभावही पाहावा लागतो. मुठेच्या गाळावर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शहरातल्या गाळात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं शहराच्या वरच्या अंगाच्या तुलनेत सुमारे 30 पट आढळली. त्यांत कार्बापेनेम या राखीव औषधांना निष्प्रभ करणारी जनुकंही होती.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 च्या मार्गदर्शक सूचनांत विचाराची दिशाच बदलली. पाणी एकाच जागी शुद्ध करण्याचा हट्ट सोडून वाटेवर अनेक अडथळे घाला, असं त्या सांगतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीसाठी एकूण 10 लाख पट घट हवी. अडथळ्यांचा परिणाम बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. केंद्रात 100 पट, शेतातल्या टाकीत 10 पट, पाणी देण्याच्या पद्धतीने 10 पट, काढणीआधी पाणी तोडून 10 पट, घरी धुऊन 10 पट: झाले 10 लाख. एखाद्या दिवशी केंद्राने दगा दिला तरी बाकीचे चार जागेवर असतात.

शेतातली टाकी म्हणजे खरं तर तीन टाक्या किंवा प्लास्टिक अस्तर घातलेले तीन छोटे खड्डे. एक भरत असतो, दुसरा निवत असतो, तिसऱ्यातून पाणी चाललेलं असतं. निवायला किमान एक पूर्ण दिवस, जमलं तर दोन-तीन. गोलकृमीची अंडी पाण्याहून जड असतात, तासाला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त खाली बसतात. जिवाणू मात्र स्वतः बसत नाहीत, ते गाळाच्या कणांबरोबर खाली जातात आणि उन्हाने मरतात. सगळा खेळ बिघडतो तो फूटव्हॉल्व्हपाशी, म्हणजे मोटरच्या ओढनळीच्या टोकाच्या झडपेपाशी. तो तळाला टेकलेला असेल तर बसलेली अंडी आणि गाळ मोटर चालू होताच पुन्हा पिकावर जातात. फूटव्हॉल्व्ह रिकाम्या कॅनला बांधून पृष्ठभागाखाली वीतभर तरंगता ठेवावा आणि तळाचं फूटभर पाणी कधीही ओढू नये. टाकीत डास होतातच, विशेषतः क्युलेक्स, म्हणून गप्पी मासे सोडावेत. तळाचा गाळ काढाल तो भाजीच्या वाफ्यात टाकू नका. त्यातली अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

पाणी द्यायच्या पद्धतीत सगळ्यात वाईट तुषार आणि रेनपाईप. दूषित पाणी थेट पानावर पडतं, वर त्याचे बारीक थेंब वाऱ्याने शेजारच्या वस्तीवर जातात. सपाट वाफ्यात मोकळं पाणी सोडणंही जवळपास तसंच, कारण मेथी-कोथिंबिरीची खालची पानं पाण्यातच उभी राहतात. ठिबक उत्तम, पण या पाण्यात शेवाळ आणि चिकट थर धरून ड्रिपर बुजतात. आधी सँड फिल्टर, मग डिस्क फिल्टर, आणि आठवड्यातून एकदा लॅटरलची (ड्रिपर असलेल्या नळ्यांची) टोकं सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं, एवढं होणार नसेल तर ठिबक महिन्या-दोन महिन्यांत गुंडाळून बांधावर पडतं. अशा वेळी गादीवाफा बरा: मीटरभर रुंद, 15 ते 20 सेंटिमीटर उंच, वर ओळीत पेरणी आणि पाणी फक्त सरीत. काळ्या जमिनीत ओल आडवी चांगली सरकते, त्यामुळे मधल्या ओळी सुकत नाहीत. सरी वरपर्यंत भरली की मात्र फायदा गेला. पेरणी फोकून करायची सवय मोडावी लागते, हीच यातली खरी अडचण.

मग पाणी तोडणं. शेवटच्या पाण्यानंतर पानावरचे जंतू ऊन आणि कोरडेपणाने मरू लागतात, दिवसाला साधारण 3 पट ते 100 पट. हिवाळ्यात कोथिंबीर दोन दिवस पाण्याविना तग धरते. एप्रिल-मेमध्ये एक दिवसही जड जातो, पान लोळतं. तेव्हा शेवटची एक-दोन पाणी विहिरीची द्यावीत. दाट पिकात आतपर्यंत ऊन पोचत नाही, तिथे ही घट मंद असते. पावसाळ्यात थेंबांनी माती पानावर उडते आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

एवढं सगळं करून घात होतो तो काढणीनंतर. मुळांची माती जावी आणि जुडी टवटवीत दिसावी म्हणून ती कालव्यातच बुचकळली जाते. चार महिन्यांची मेहनत असो की चार दिवसांची, एका बुडीत वाया. बांधावर विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याचं एक पिंप ठेवणं हा या अख्ख्या साखळीतला बहुधा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि बाजार समितीने भाजी शिंपडायला स्वच्छ पाण्याचा नळ दिला तर त्याला अर्थ येईल.

स्वयंपाकघरात पालकाची पातळ भाजी किंवा मेथीची परतून केलेली भाजी फारशी चिंतेची नाही. शिजवण्याने जंतू 10 लाख पटींहून अधिक घटतात. धोका वरून भुरभुरवलेल्या कोथिंबिरीत आहे: मिसळीवर, भेळेवर, पोह्यांवर, पाणीपुरीच्या पाण्यातल्या पुदिन्यात, मुळ्याच्या कोशिंबिरीत. जुडी सोडून, मुळं कापून, काड्या मोकळ्या करून तीन पाण्यांनी धुवा. बांधलेली जुडी नळाखाली धरून आतली माती जात नाही. आजारी माणूस, गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर पुढची पायरी करावी: 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट, भाजी धुण्यासाठीचं म्हणून विकलं जाणारं, वासाचं किंवा साबणमिश्रित नव्हे, लिटरला 1 मिलिलिटर. पाच मिनिटं बुडवून पिण्याच्या पाण्याने पुन्हा धुवायचं. माती आधी गेली नसेल तर क्लोरीन मातीवरच खर्च होतं.

या चर्चेत खुरपणाऱ्या बायका हमखास सुटतात. हुककृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आणि मग महिनोन्‌महिने रक्त कमी होत राहतं. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी 1 ते 19 वर्षांच्या मुलांना मिळते, शेतमजूर बाईला नाही. तिला गमबूट आणि हातमोजे मालकाने द्यायला हवेत, आणि तिच्या रक्तक्षयाची तपासणी करताना प्राथमिक आरोग्य केंद्राने ती कोणत्या पाण्यात काम करते हे विचारायला हवं.

जड धातूंची गोष्ट निराळी. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम उन्हाने मरत नाहीत, शिजवून जात नाहीत, धुण्याने फक्त पानावरची धूळ जाते. प्लेटिंगसारख्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) उद्योगांचं पाणी घरगुती मैलापाण्यात मिसळण्याआधी कारखान्याच्या दारातच अडवावं लागतं. आपल्या काळ्या जमिनी विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या), चिकणमातीच्या आणि चुनखडीच्या, त्यामुळे त्या बराचसा कॅडमियम धरून ठेवतात, ही जमेची बाजू. पण पाण्यात क्षार वाढले की क्लोराइड त्याच कॅडमियमला सोडवून मुळांपाशी आणतं. मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, त्यांत शिसं नाही आणि कॅडमियमही नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते. नमुना 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत, आठ-दहा जागांवरून, गॅल्व्हनाइज्ड घमेलं न वापरता घ्यावा, नाहीतर जस्ताचा आकडा चुकतो. धातूंसाठीच्या पाण्याच्या बाटलीत प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्ल घालून घ्यावं. जिवाणूंसाठीची बाटली वेगळी, निर्जंतुक, बर्फात, आणि त्याच दिवशी पोचवायची.

आकडे वाईट आले तर त्या तुकड्यात पालक आधी बंद करावा. पालेभाज्या धातू सर्वाधिक उचलतात, त्याखालोखाल कंद आणि मुळं, फळभाज्या आणि धान्याचे दाणे कमी. झेंडू, शेवंती, गुलछडी ही पिकं या पट्ट्यात लोकांच्या हातची आहेत, बाजारही आहे, आणि ती कुणी खात नाही.